उंदरांचा श्राव्यातीत संवाद

घरउंदीर (मुस मस्क्युलस) एकमेकांच्या सहवासात असताना माणसाला ऐकू न येणारे अतिउच्च वारंवारतेचे आवाज काढतात. या आवाजांना आणि त्यांतून घडणाऱ्या व्यवहाराला श्राव्यातीत संवाद म्हणतात. माणसाची श्रवणमर्यादा २० किलोहर्ट्झपाशी संपते, तर उंदरांचे हे आवाज साधारण ३० ते ११० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असतात. मुंबईत चाळीच्या माळ्यावरून किंवा फ्लॅटमध्ये ओट्याखालून जे ‘चीची’ ऐकू येते, ते बहुतेकदा भांडणाचे, भीतीचे किंवा वेदनेचे असते. म्हणजे आपल्या कानांना उंदीर कळतो तो फक्त संकटात सापडलेला. त्याचे मीलन, संगोपन आणि परस्परांची चौकशी आपल्या नकळत चालते.

इतक्या उंच पट्टीचा आवाज हवेत लवकर विरतो आणि भिंतीपलीकडे फारसा जात नाही, त्यामुळे बोलणे जवळच्या जवळ राहते. घुबडाला तो ऐकू येत नाही, मांजराला मात्र बराचसा येतो. रस्त्यावरच्या वाहतुकीचा गोंगाट मुख्यतः खालच्या वारंवारतेचा असतो आणि त्या पट्ट्यात उंदराचा कान कमकुवत असतो, म्हणून तो या बोलण्याच्या फारसा आड येत नाही.

हाका सर्वांत आधी लक्षात आल्या त्या पिल्लांच्या. हाना-मारिया त्सिपेलियस आणि वोल्फगांग श्लाइट यांनी १९५६ मध्ये त्यांचे वर्णन केले. नवजात पिल्लू केसहीन असते आणि त्याला स्वतःचे तापमान राखता येत नाही. घरट्याबाहेर पडून गारठले की ते हाका मारते, आणि आई शोधत येऊन त्याला तोंडात धरून परत नेते. पहिल्या आठवड्यात या हाका भरात असतात. साधारण दोन आठवड्यांनी, डोळे उघडून अंगावर लव आली की त्या थांबतात. ऐकणारीची बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. पिल्ले न झालेली मादी या हाकांकडे बहुधा दुर्लक्ष करते. न्यूयॉर्कमधील संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले, की ऑक्सिटोसिन हे संप्रेरक मिळाल्यास अशी मादीही पिल्ले उचलून आणायला लवकर शिकते, आणि त्यात मेंदूच्या डाव्या बाजूच्या श्रवणकेंद्राचा वाटा मोठा असतो. हाकेला अर्थ येतो तो ऐकणारीच्या मेंदूत होणाऱ्या या बदलामुळे. या विषयातला हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो.

प्रौढ नराला मादीचा किंवा तिच्या मूत्राचा वास आला की तो आवाजांची लांब मालिका सुरू करतो. टिमोथी होली आणि झोंगशेंग गुओ यांनी २००५ मध्ये या मालिकांत ठरावीक ‘अक्षरे’ (सुटे आवाज) आणि पुन्हा पुन्हा येणारे बंध असल्याचे दाखवून दिले, तेव्हापासून ‘उंदरांचे गाणे’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. मादी समोर नसताना, नुसत्या वासावर, नराची रचना अधिक गुंतागुंतीची असते. ती जवळ आली की साधी होते. माद्या गप्प असतात हा समज बराच काळ टिकला. उंदीर आवाज काढतो तेव्हा ते बाहेरून दिसत नाही, त्यामुळे एकाच मायक्रोफोनवरून बोलणारा कोण हे ठरवणे कठीण होते. २०१५ मध्ये अनेक मायक्रोफोन लावून आवाजाची जागा शोधली गेली, तेव्हा पाठलागाच्या वेळी माद्याही आवाज काढतात हे स्पष्ट झाले. दोन अनोळखी माद्या भेटल्या तरी असे आवाज निघतात.

हा आवाज स्वररज्जूंच्या कंपनातून येत नाही. २०१६ मधील संशोधनानुसार, श्वास सोडताना हवेचा बारीक झोत स्वरयंत्राच्या आतल्या भिंतीवर आदळतो आणि शिट्टी निर्माण होते. बासरीत झोत छिद्राच्या कडेवर आदळून सूर निघतो, त्याच जातीची ही क्रिया आहे. तिचे नियंत्रण मध्यमस्तिष्कातील पेरिअ‍ॅक्वेडक्टल ग्रे या भागातील काही पेशींकडे असते. २०१९ मध्ये या पेशी निष्क्रिय केल्यावर नर मुके झाले. मादीमागे जाणे त्यांनी सोडले नाही, पण माद्यांचा त्यांच्यातला रस लवकर ओसरला.

गाणाऱ्या पक्ष्यांचे पिल्लू गाणे ऐकून शिकते. जन्मतः बहिरे उंदीर मात्र जवळपास तसेच आवाज काढतात, म्हणून ‘गाणे’ हा शब्द जपून वापरावा. मानवी वाचेशी संबंधित फॉक्सपी२ जनुकात बिघाड केलेली पिल्ले कमी हाका मारतात, हे २००५ मध्ये दिसले. तेवढ्यावरून उंदराच्या हाका आणि माणसाचे बोलणे एका मापाने मोजणे घाईचे ठरेल. या आवाजांच्या नोंदीसाठी सेकंदाला आवाजाचे दोन लाखांहून अधिक नमुने घेणारी उपकरणे लागतात. २०१९ पासून डीपस्क्वीकसारख्या संगणकप्रणाली हाका आपोआप वेचतात.

मुंबईत १८९६ च्या प्लेगपासून मूषकवर्गाकडे पाहिले गेले ते रोगवाहक म्हणून. आज उंदीर पळवण्यासाठी भिंतीतल्या प्लगला लावायची श्राव्यातीत यंत्रे बाजारात मिळतात. त्यांच्या लहरी कपाटाआड पोहोचत नाहीत आणि उंदीर त्या आवाजाला सरावतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ मध्ये साठहून अधिक उत्पादक व विक्रेत्यांना अशा दाव्यांना शास्त्रीय पुरावा लागतो, असे बजावले होते. पाइपांभोवतीच्या फटी बुजवणे आणि धान्य झाकणाच्या डब्यात ठेवणे अधिक उपयोगी पडते.