उंदीर ‘प्राणी’ आहे की नाही ते देशावर ठरतं

प्राण्यांवर प्रयोग करायला जगभर एकच कायदा आहे आणि तो मोडला की लॅबला टाळं, असं बरेच जण ठामपणे सांगतात. नाहीये ओ असा कायदा. सीआयओएमएस नावाच्या वैद्यकीय विज्ञान संस्थांच्या जागतिक परिषदेची १९८५ ची आंतरराष्ट्रीय तत्त्वं आहेत, २०१२ मध्ये ती सुधारलीही, पण ती मार्गदर्शक आहेत, त्यावरून कोणाला कोर्टात खेचता येत नाही. खरी सक्ती ज्या त्या देशाच्या कायद्याची, आणि तिथे गंमत बघा, अमेरिकेच्या ॲनिमल वेल्फेअर ॲक्टमध्ये संशोधनासाठी पैदास केलेले उंदीर, त्यांच्याहून मोठ्या जातीचे रॅट आणि पक्षी ‘प्राणी’ या व्याख्येतच बसत नाहीत, २००२ मध्ये तसं कायद्यातच लिहून टाकलं. म्हणजे लॅबमधला ससा प्राणी आणि शेजारच्या पिंजऱ्यातला उंदीर नाही! (सरकारी आरोग्य खात्याचा निधी घेतला तर मात्र उंदरालाही वेगळे नियम लागतात, अगदीच वाऱ्यावर नाही सोडलेला.) उलट युरोपच्या २०१० च्या नियमांत उंदीर तर आहेच, पाठीचा कणा नसलेला ऑक्टोपससुद्धा आहे.

आपल्याकडे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, त्याखाली संस्थेची एथिक्स कमिटी प्रयोग तपासते. आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी ‘थ्री आर’ (रिप्लेसमेंट, रिडक्शन, रिफाइनमेंट) नावाची तीन तत्त्वं आहेत, ती म्हणजे प्रयोगांवर बंदी असं लोक म्हणतात, हेही चूकच. पर्याय असेल तर प्राणी नको, लागलेच तर कमीत कमी, आणि वेदना कमी करा, एवढंच ती म्हणतात.