रक्तशर्करा तपासणीचे घरगुती साहित्य: चिठ्ठीवरचे आणि स्वखर्चाचे (सांगली व सातारा जिल्हे)

मधुमेही व्यक्तीला बोटाच्या टोकातून रक्ताचा थेंब काढून घरीच साखर मोजता यावी, यासाठी ग्लुकोमीटर, त्यात घालायच्या पट्ट्या, टोचणीचे पेन आणि पेनमधल्या सुया एवढे साहित्य लागते. सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांत ते बहुतांशी औषधांच्या दुकानातून स्वखर्चानेच घेतले जाते. सरकारी दवाखान्यात मधुमेहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विनामूल्य मिळतात. पट्ट्यांची डबी दरमहा घरी नेण्याची तशी सोय सर्वांसाठी नाही. त्यामुळे ‘चिठ्ठीवर की स्वखर्चाने’ या प्रश्नाचे उत्तर येथे बव्हंशी ठरलेलेच असते. तरीही स्वखर्चाने साहित्य घेणाऱ्यालाही चिठ्ठीची गरज उरते. किती पट्ट्या घ्यायच्या आणि त्या कधी वापरायच्या हे ठरवण्यासाठी ती लागते, आणि नेमके हेच चिठ्ठीवर फार क्वचित लिहिलेले आढळते.

ब्रिटनमध्ये या साहित्याचा खर्च राष्ट्रीय आरोग्यसेवा उचलते, पण सरसकट नव्हे. इन्सुलिन घेणाऱ्यांना पट्ट्या चिठ्ठीवर मिळतात. प्रकार २ चा (बहुधा प्रौढ वयात होणारा) मधुमेह असलेल्या इतर प्रौढ रुग्णांनी नेहमी घरी साखर मोजावी अशी शिफारस तेथील मार्गदर्शक सूचनांत नाही. साखर एकदम उतरल्याचे प्रसंग घडलेले असणे, वाहन किंवा यंत्र चालवताना तसा धोका संभवेल अशा गोळ्या चालू असणे, गरोदरपण किंवा त्याची तयारी, असे कारण असेल तरच ती केली जाते. पट्ट्यांचे पैसे कोणी का भरेना, कोणाला किती पट्ट्यांची खरोखर गरज आहे हा विचार मात्र येथेही तितकाच लागू पडतो.

सरकारी व्यवस्थेतील पट्टी

मधुमेह, रक्तदाब, कर्करोग आणि हृदयविकार यांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली सुरू झाला. त्याअंतर्गत ३० वर्षे व त्यावरील व्यक्तींची तपासणी केली जाते. आशा कार्यकर्ती घरोघर जाऊन माहितीचा अर्ज भरते आणि उपकेंद्रात किंवा आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणवणाऱ्या केंद्रात बोट टोचून साखर पाहिली जाते. तेथील पट्ट्यांचा साठा या कामासाठी आणि पुनर्तपासणीला येणाऱ्या रुग्णांसाठी असतो. घरी वापरायला डबी देणे हा त्याचा हेतू नाही. ज्याची साखर जास्त निघते त्याला पुढे पाठवले जाते, कारण मधुमेहाचे निदान बोटाच्या थेंबावर करायचे नसते. शिरेतून घेतलेल्या रक्तात अनशापोटी १२६ किंवा त्याहून अधिक साखर, ग्लुकोज दिल्यावर दोन तासांनी २०० किंवा त्याहून अधिक, अथवा एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ६.५ टक्के किंवा त्याहून अधिक, हे निदानाचे निकष आहेत. साखरेचे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. परदेशातून नातेवाइकांनी आणलेले मीटर कधी कधी मिलिमोल प्रति लिटरमध्ये आकडा दाखवते. त्याला १८ ने गुणले की आपल्याकडचा आकडा येतो.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासण्या व उपचार निःशुल्क झाले. प्राथमिक आरोग्य केंद्रे, ग्रामीण रुग्णालये आणि उपजिल्हा रुग्णालये यांत मोडतात. वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असलेल्या मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची आणि त्याच्याशी जोडलेल्या सांगलीच्या सिव्हिलची व्यवस्था वेगळी आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा आधार रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांना असतो, घरी वापरलेल्या पट्ट्यांना नाही. पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड दाखवून मेडिकलमध्ये पट्ट्यांवर सवलत मागणारे लोक भेटतात. त्यांचा हा गैरसमज समजण्यासारखा आहे, पण योजनेत तशी तरतूद नाही.

चिठ्ठीत काय असावे

मीटर वा पट्ट्या विकत घेण्यासाठी चिठ्ठी दाखवावी लागत नाही. तरीही ‘शुगर चेक करत जा’ एवढे तोंडी सांगून रुग्णाला पाठवणे अपुरे आहे. त्यातून एकतर रुग्ण मीटर कपाटात ठेवून देतो, किंवा घाबरून दिवसातून पाच वेळा बोट टोचतो आणि त्या आकड्यांचे काय करायचे हे त्याला कळत नाही. मधुमेहाच्या गोळ्यांपैकी केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्याची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याचा संभव कमी असतो; आकडे स्थिर असताना त्याला रोज पट्टी खर्चण्याचे कारण नाही. ग्लिमेपिराइडसारख्या, साखर फार उतरवू शकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याचे तसे नाही. गळीत हंगामात रात्री-अपरात्री ऊसवाहतुकीचा ट्रॅक्टर हाकणारा चालक अशी गोळी घेऊन जेवण चुकवत असेल, तर गाडीवर बसण्यापूर्वी साखर पाहणे त्याच्यासाठी आणि रस्त्यावरच्या इतरांसाठी महत्त्वाचे ठरते. साखर ७० च्या खाली गेली तर ती कमी समजून लगेच साखरपाणी घ्यायचे असते. प्रकार १ चा (इन्सुलिनवरच अवलंबून असलेला) मधुमेह असलेल्या मुलांना दिवसातून चार किंवा त्याहून अधिक वेळा तपासणी लागते, आणि गरोदरपणातील मधुमेहात अनशापोटीचे व जेवणानंतरचे आकडे वारंवार पाहावे लागतात. म्हणून कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, आकडा कितीच्या वर वा खाली गेल्यास काय करायचे, एवढे चार ओळींत लिहिलेले असले की चिठ्ठीचे काम झाले.

खरेदी

ग्लुकोमीटरच्या खोक्यावर सवलत पाहून खरेदी करण्याची चूक सर्रास होते. मीटर एकदाच घ्यायचे असते, पट्ट्या मात्र घेतच राहाव्या लागतात, आणि एका कंपनीची पट्टी दुसऱ्या कंपनीच्या मीटरला चालत नाही. एकाच कंपनीच्या दोन मीटरांच्या पट्ट्याही वेगळ्या असू शकतात. एका पट्टीला २० रुपये धरले, तर दिवसाला चार तपासण्या करणाऱ्या मुलाच्या घरातून महिन्याला २,४०० रुपये केवळ पट्ट्यांवर जातात. याउलट आठवड्यातून दोनदा साखर पाहणाऱ्याला ५० पट्ट्यांची डबी सुमारे सहा महिने पुरते. काही पट्ट्या डबी उघडल्यावर तीन महिन्यांतच वापरायच्या असतात. तशी डबी असेल तर निम्म्या पट्ट्या वाया जातात आणि स्वस्त पडलेली मोठी डबी प्रत्यक्षात महाग पडते. अशा रुग्णाने १० किंवा २५ पट्ट्यांची डबी घ्यावी, आणि ती उघडल्याची तारीख झाकणावर पेनने लिहून ठेवावी.

मिरज हे रुग्णालयांचे गाव आहे. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये तेथे मिशनचे रुग्णालय सुरू केले, आणि पुढे आसपासच्या तालुक्यांतून, शेजारच्या कर्नाटकातूनही रुग्ण येत गेल्याने औषधांचा व्यापारही तेथे वाढला. सांगली-मिरज, कऱ्हाड किंवा सातारा शहरात एक्यु-चेक, वनटच, कॉन्टूर, डॉ. मोरपेन यांपैकी हव्या त्या पट्ट्या मिळण्यास अडचण येत नाही. जत, आटपाडी, माण किंवा पाटणच्या आतल्या गावांत मात्र दुकानदार एक-दोन प्रकारच ठेवतो. तेथे राहणाऱ्याने आधी गावातल्या मेडिकलमध्ये कोणत्या पट्ट्या कायम असतात हे विचारावे आणि त्याप्रमाणे मीटर निवडावे. मुलाने पुण्याहून पाठवलेले मीटर पट्ट्यांअभावी धूळ खात पडल्याची उदाहरणे कमी नाहीत. छापील किमतीपेक्षा फारच स्वस्त मिळणाऱ्या डबीवरील मुदत आणि बॅच क्रमांक पाहून पावती मागावी.

राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने जुलै २०२१ मध्ये ग्लुकोमीटरसह पाच उपकरणांवरील व्यापारी नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घातली होती. ग्लुकोमीटर आणि पट्ट्यांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला.

हवामान, हात आणि आकडा

पट्टीवर ग्लुकोज ऑक्सिडेज किंवा तत्सम विकराचा (एन्झाइमचा) थर असतो. रक्तातील साखरेशी त्याची अभिक्रिया होऊन निर्माण होणारा सूक्ष्म विद्युतप्रवाह बहुतेक आधुनिक मीटर मोजतात. हा थर उष्णतेने आणि ओलाव्याने बिघडतो, आणि या दोन जिल्ह्यांत दोन्ही गोष्टी टोकाच्या आहेत. डबीवर साधारणपणे ३० अंशांची कमाल मर्यादा छापलेली असते. माणदेशात आणि जत तालुक्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या आसपास जातो, तेव्हा पत्र्याच्या घरात किंवा दुचाकीच्या डिकीत ठेवलेल्या पट्ट्यांवर विश्वास ठेवता येत नाही. महाबळेश्वर-कोयना भागात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तेथे झाकण उघडे राहिले की पट्ट्या ओलावा धरतात. मुद्दाम पट्ट्या सुट्या करून कागदात बांधून ठेवू नयेत, कारण ओलावा शोषण्याची सोय डबीतच केलेली असते. डबी फ्रिजमध्येही ठेवू नये.

हाताचा प्रश्न त्याहून दुर्लक्षित आहे. तासगावच्या बागेत द्राक्षे उतरवणाऱ्याच्या, गुऱ्हाळावर गूळ भरणाऱ्याच्या किंवा साताऱ्यात कंदी पेढ्याचा पुडा फोडून नुकतेच वाटप केलेल्या माणसाच्या बोटाला साखर चिकटलेली असते. ते बोट तसेच टोचले, की थेंबात ती मिसळते आणि मीटर भलताच चढा आकडा दाखवते. त्या आकड्यावर इन्सुलिन वाढवले तर साखर उतरून जिवावर बेतू शकते. सॅनिटायझरने बोट पुसणे पुरेसे नाही. हात पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करावेत आणि बोटाच्या मध्यापेक्षा कडेला टोचावे, म्हणजे दुखतेही कमी. रक्तक्षय असलेल्या व्यक्तीतही मीटरचा आकडा प्रत्यक्षापेक्षा जास्त येऊ शकतो.

आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या २०१३ च्या मानकानुसार १०० च्या खालच्या साखरेला १५ मिलिग्रॅमचा आणि त्यावरच्या साखरेला १५ टक्क्यांचा फरक ग्राह्य असतो; ९५ टक्के आकडे या मर्यादेत असावे लागतात. म्हणजे प्रयोगशाळेत २०० आलेली साखर घरी १७५ किंवा २२५ दिसली, तर मीटर बिघडले असे म्हणता येत नाही.

सुया

घरात दोघे-तिघे मधुमेही असणे आता दुर्मीळ नाही, आणि मग मीटर एकच वापरले जाते. त्यास हरकत नाही; टोचणीचे पेन मात्र प्रत्येकाचे वेगळे हवे, कारण सुई बदलली तरी पेनच्या टोकाला लागलेल्या रक्तातून कावीळ ब सारखे संसर्ग पसरू शकतात. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या बाटलीत साठवाव्यात. त्या ओल्या-सुक्या कचऱ्यात मोकळ्या टाकल्या, तर घंटागाडीवर हाताने कचरा वेगळा करणाऱ्या सफाई कामगाराच्या बोटात घुसतात. भरलेली बाटली घट्ट बंद करून, आत सुया असल्याचे बाहेर लिहून, घरगुती घातक कचरा म्हणून वेगळी द्यावी, किंवा नेहमीच्या दवाखान्यात विचारून त्यांच्या जैववैद्यकीय कचऱ्यात जमा करावी.