वहीतच वाद्यं: ट्रॅकर संगीत कुठून आलं

२००० च्या आसपास मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून चोरीच्या सॉफ्टवेअरच्या सीड्या घरी आणणाऱ्यांना हे नक्की आठवत असेल. सीरियल नंबर काढून देणारा तो इवलासा 'कीजेन' उघडला, की नंबर राहायचा बाजूला आणि स्पीकरमधून खणखणीत वाद्यमेळ सुरू व्हायचा. रात्रीची वेळ असेल तर आवाज बंद करायला एकच धावपळ. अख्खा प्रोग्रॅम शंभरेक केबीचा आणि त्यात ड्रम, बेस, सुरावट सगळं हजर. एवढ्या जागेत हे मावतं कसं, असा प्रश्न तेव्हा फारसा कुणाला पडला नाही. त्याचं उत्तर १९८५ साली आलेल्या एका चिपमध्ये आहे.

त्या वर्षी अमेरिकेच्या कमोडोर कंपनीने अमिगा हा कॉम्प्युटर आणला. तोवर घरगुती कॉम्प्युटरचा आवाज म्हणजे चिपने स्वतः घडवलेली पिपाणी. खरा रेकॉर्ड केलेला आवाज, म्हणजे सॅम्पल, पट्ट्यांवर वाजवायची सोयही होती. पण १९७९ साली सिडनीत पीटर व्होगेल आणि किम रायरी यांनी बाजारात आणलेल्या फेअरलाइटसारख्या यंत्रात. ते परवडायचं बड्या स्टुडिओंना आणि नामांकित गायकांना. अमिगातल्या 'पॉला' नावाच्या चिपने तेच काम पोरांच्या टेबलावर आणलं. ही पॉला खरं तर फ्लॉपी ड्राइव्हही सांभाळायची. शिवाय आठ बिटांचे चार आवाज मेमरीतून परस्पर उचलून एकाच वेळी वाजवायची, मुख्य प्रोसेसरला जवळजवळ त्रास न देता.

वरचा सूर हवा असेल तर ती तेच सॅम्पल जास्त वेगाने वाचायची. कॅसेट पळवली की आवाज चिरका होतो, तसंच. बासरीची एकच फुंकर रेकॉर्ड करायची आणि सप्तकभर फिरवायची. सूर लांबवायचा असेल तर सॅम्पलचा मधला तुकडा गोल गोल फिरवत ठेवायचा. युरोपीय अमिगावर मधल्या सप्तकातला 'सी' सेकंदाला सुमारे ८,२८७ बाइट या वेगाने वाजायचा. म्हणजे एका सेकंदाच्या आवाजाला आठेक केबी. १९८७ च्या अमिगा ५०० मध्ये मेमरी ५१२ केबी. पूर्ण गाणं रेकॉर्ड करून ठेवायचा प्रश्नच नव्हता. तुकडे ठेवायचे आणि ते कधी, कोणत्या सुरात वाजवायचे त्याची यादी ठेवायची.

ही यादी लिहायची चौकट १९८७ मध्ये पश्चिम जर्मनीच्या कार्स्टन ओबार्स्की याने दिली. त्याच्या प्रोग्रॅमचं नाव 'अल्टिमेट साउंडट्रॅकर', आणि त्यावरूनच असल्या प्रोग्रॅमांना 'ट्रॅकर' म्हणतात. आदल्याच वर्षी क्रिस ह्युल्सबेकचा 'साउंडमॉनिटर' हा कमोडोर ६४ वरचा प्रोग्रॅम एका जर्मन मासिकात छापून आला होता आणि त्याची छाप ओबार्स्कीवर होती असं मानतात. साउंडट्रॅकरच्या पडद्यावर चार उभे रकाने, प्रत्येक रकाना एका चॅनेलचा, म्हणजे पॉलाच्या चार आवाजांपैकी एकाचा. वेळ वरून खाली सरकते. प्रत्येक ओळीत सूर, सॅम्पलचा क्रमांक आणि एखादा हुकूम. चौसष्ट ओळींचा एक 'पॅटर्न', आणि पॅटर्न मागेपुढे लावून झालं गाणं. पाश्चात्त्य स्टाफ नोटेशनची पाच रेघांची भानगडच नाही.

इथे आपल्याकडच्या माणसाला एक गंमत दिसते. चार ओळींची एक मात्रा धरण्याचा रिवाज आहे, म्हणजे चौसष्ट ओळींत सोळा मात्रा. एक पॅटर्न म्हणजे तीनतालाचं एक आवर्तन! ओबार्स्कीच्या मनात तीनताल असण्याचं काहीच कारण नाही, पण हिशोब चोख बसतो. झपताल हवा असेल तर चाळिसाव्या ओळीला पॅटर्न तोडण्याचा हुकूम द्यायचा. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत नेणारा हुकूमही आहे, त्याला आपण सरळ मींड म्हणू.

व्यापार म्हणून साउंडट्रॅकर चालला नाही. पण सुरावट वाजवणारा छोटा प्रोग्रॅम सोबत मिळत असल्याने ती खेळात किंवा डेमोत, म्हणजे कौशल्य दाखवायला केलेल्या चित्र-संगीताच्या छोट्या प्रोग्रॅमात, टाकणं सोपं होतं. हॅकरांनी साउंडट्रॅकर उकलला, दुरुस्त्या केल्या आणि आपापल्या नावाने वाटायला सुरुवात केली. मूळच्या पंधरा सॅम्पलांची एकतीस झाली. १९८९ मध्ये स्वीडनच्या माहोनी आणि काक्टुस या जोडीचा 'नॉइजट्रॅकर' आला, १९९० मध्ये नॉर्वेतून 'प्रोट्रॅकर'. एकतीस सॅम्पलांच्या फाइलीत ठरावीक जागी 'एम.के.' अशी अक्षरं असतात. ती माहोनी-काक्टुसची आद्याक्षरं असा अनेकांचा समज; प्रत्यक्षात ती मिखाएल क्लेप्स या आधीच्या प्रोग्रॅमरची मानली जातात. कायद्याच्या नजरेने ही सगळी उचलेगिरीच, पण ती झाली नसती तर साउंडट्रॅकर आज कुणाला आठवलाही नसता असं मला वाटतं.

ट्रॅकरमधल्या गाण्याच्या या फाइलीला 'मॉड' म्हणतात, आणि माझ्या मते खरी क्रांती तिथे आहे. मिडी फाइलीत फक्त सूर असतात, वाद्य ऐकणाऱ्याच्या यंत्रात जे असेल ते. मॉडमध्ये सूर आणि वाद्यं एकाच गाठोड्यात. त्यामुळे गाणं सगळीकडे सारखं वाजतं, आणि मुख्य म्हणजे उघडून बघता येतं. एखाद्याने ढोलाला तो ठोसा कसा आणला, कळत नाही? फाइल उघडा, रकाना वाचा, सॅम्पल उचला. गुरूने आपली वही शिष्यापुढे उघडी टाकावी तसं. (आपल्याकडच्या घराण्यांत हे कितपत जमलं असतं, देव जाणे.) सॅम्पलच्या नावाला बावीस अक्षरांची जागा होती. तिथे नावाऐवजी मित्रांना नमस्कार, पत्ता, नाहीतर 'माझे आवाज चोरू नका' अशी तंबी लिहायची पद्धत पडली. तंबी कुणी मनावर घेतल्याचं दिसत नाही.

अडचणींतून शैली घडली. चारच चॅनेल, त्यात एक ड्रमला आणि एक बेसला गेला की तीन सुरांचा कॉर्ड वाजवायचा कशाने? मग एकाच चॅनेलवर ते तीन सूर सेकंदाला पन्नास वेळा अदलाबदल करून वाजवायचे. कानाला कॉर्डचा भास होतो आणि वर एक थरथरती झिलई चढते. आज 'जुन्या गेमचा आवाज' म्हणून जो ओळखला जातो, तो बराचसा हाच. पॉला दोन चॅनेल थेट डावीकडे आणि दोन उजवीकडे फेकायची. हेडफोन लावून ऐकलं तर ड्रम एकाच कानात आदळतात.

पुढचं थोडक्यात. १९९४ मध्ये कमोडोरचं दिवाळं निघालं आणि मंडळी पीसीवर सरकली. फिनलंडच्या फ्यूचर क्रू या डेमो करणाऱ्या गटाचा 'स्क्रीम ट्रॅकर ३', स्वीडनचा 'फास्टट्रॅकर २', ऑस्ट्रेलियाच्या जेफ्री लिमचा 'इम्पल्स ट्रॅकर' यांनी चॅनेलांची संख्या बत्तीस, चौसष्टवर नेली. अमिगाही लगेच मेला नाही: केल्विन हॅरिसचा २००७ चा पहिला अल्बम अमिगावर, 'ऑक्टामेड' या ट्रॅकरमध्ये बनला. ज्या डेमोसीनमध्ये, म्हणजे डेमो करणाऱ्यांच्या दुनियेत, हे सगळं वाढलं, तिला २०२० मध्ये फिनलंडने आणि २०२१ मध्ये जर्मनीने आपल्या अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय यादीत घेतलं.

आणि ते कीजेन? सॉफ्टवेअर फोडणाऱ्या टोळ्या आणि डेमो करणारी पोरं मुळात एकाच घरातली. टोळीची पाटी म्हणून गाणं लावायचं आणि ते कमी जागेत बसवायचं, तर ट्रॅकरशिवाय दुसरं होतंच काय? त्यातल्या कितीतरी सुरावटी आज नेटवर मूळ फाइलींच्या रूपात सापडतात. ओपनएमपीटीसारख्या फुकट ट्रॅकरमध्ये उघडल्या, की रात्री धडकी भरवणारा तो ड्रम कितव्या ओळीवर बसवला होता तेही दिसतं.