खानदेशातील अध्यात्मपर काव्याचा अभ्यास

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या पट्ट्यातील संतवाणी, ओव्या व लोकगीते यांचे वाचन, श्रवण आणि अर्थशोधन. पोथी आणि तोंडपाठ येथे इतके शेजारी नांदतात की नुसत्या छापील संहितेवर विसंबणारा अभ्यासक अर्ध्या वाटेतच अडकतो.

तापी-पूर्णेच्या संगमावरील चांगदेव हे गाव योगी चांगदेवांशी जोडलेले आहे. त्यांनी ज्ञानेश्वरांना कोरे पत्र धाडले आणि उत्तरादाखल ६५ ओव्यांची ‘चांगदेव पासष्टी’ आली, असे परंपरा सांगते. इतकी वर्षे तप करूनही चांगदेव कोरेच राहिले, हा मुक्ताबाईंचा टोला कीर्तनात हमखास येतो. ओव्या वाचताना मात्र कथा जरा बाजूला ठेवावी. सोन्याचे सोनेपण न उणावताच त्याचे लेणे होते, या दृष्टांतात ग्रंथाचे सारे अद्वैत आहे.

मुक्ताबाई १२९७ साली तापीकाठी मेहूण येथे अंतर्धान पावल्या, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. मुक्ताईनगरहून त्यांची पालखी आषाढीला पंढरपूरला जाते. या वाटेवर गायले जाणारे अभंग ऐकल्याशिवाय त्यांची चाल कळत नाही.

अमळनेरला दोन वेगळ्या परंपरा आहेत: बोरी नदीकाठचे सखाराम महाराज संस्थान भक्तीचे, तर १९१६ साली प्रताप शेठ यांनी स्थापलेले तत्त्वज्ञान मंदिर वेदान्ताच्या चिकित्सेचे.

सर्वांत अवघड, आणि सर्वांत फलदायी, वाचन बहिणाबाई चौधरींचे (१८८०–१९५१). तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाई वेगळ्या. नावामुळे गोंधळ नेहमी होतो. आसोद्याच्या या शेतकरी बाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. दळताना, शेतात राबताना सुचलेल्या ओळी मुलगा सोपानदेव व इतर नातलगांनी टिपून ठेवल्या आणि १९५२ मध्ये त्या पुस्तकरूपाने आल्या. त्यांची भाषा लेवा गणबोली, म्हणजे लेवा समाजाची बोली. तिला सरसकट अहिराणी म्हणणे बरोबर नाही. ‘मन वढाय वढाय’ यातले ‘वढाय’ म्हणजे ओढाळ, उभ्या पिकात पुन्हा पुन्हा शिरणारे ढोर. मनाच्या चंचलतेवर संतांनी पुष्कळ लिहिले, पण हाकलून हाकलून दमलेल्या हातांचा अनुभव ज्याला ठाऊक, त्याला ही ओळ टीपेशिवाय कळते. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.

कानबाई या खानदेशी देवीची गाणी मात्र अजूनही बहुतांशी कंठातच आहेत. श्रावणात बसवलेल्या कानबाईपुढे बाया रात्रभर जागतात, एकीने ओळ उचलली की बाकीच्या झेलतात. पाठभेद टिपायचे तर त्या रात्री तिथेच बसावे लागते.