शेततळ्याच्या आधी उताराचं बघा

नाशिक जिल्ह्यात पावसाची गंमत अशी की घोटीत धो धो चालू असतो आणि तिथून तास-सव्वातास गाडी मारून सिन्नर ओलांडलं की लोक आभाळाकडे बघत बसलेले. इगतपुरीला वर्षाला ३००० मिमीच्या वर, सिन्नर-येवला-नांदगाव पट्ट्यात जेमतेम ५०० ते ६००, कारण ढग सह्याद्रीवरच रिकामे होऊन येतात. यात नवीन काही नाही, शाळेत सगळ्यांनी वाचलंय. पण मग पेठ-सुरगाण्याचं काय? तिथे २००० मिमी पडतो आणि तरी एप्रिल-मेमध्ये बायका हंडे घेऊन डोंगर उतरतात.

कारण खाली आहे काळा पाषाण, बेसाल्ट. त्यात पाणी मुरायला जागा म्हणजे वरचा मुरूम आणि खडकातल्या भेगा, बस्स. उतारावर पडलेलं पाणी थांबलंच नाही तर ते खाली जाणार कसं, ते सरळ ओढ्याला आणि तिथून गोदावरीला नाहीतर गुजरातकडे. आणि आपल्याकडे पाणी अडवायचं म्हटलं की पहिलं डोळ्यासमोर येतं शेततळं, प्लास्टिक कागद, सबसिडीचा अर्ज. शेततळं वाईट आहे असं मी म्हणत नाही, द्राक्षवाल्याला ते लागतंच, पण बऱ्याच ठिकाणी ते विहिरीचं पाणी उपसून भरतात आणि उन्हात उडवतात, त्याला जलसंधारण म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

खरं तळं म्हणजे माती. हिशोब करून बघा. फूटभर, म्हणजे ३० सेंमी खोल मध्यम जमीन धरा, त्यात पिकाच्या मुळाला ओढता येईल असं पाणी साधारण १५ टक्के मावतं, म्हणजे ४५ मिमी. एकराला ते होतं १,८०,००० लिटरच्या आसपास. आता यातली वरची १० सेंमी माती गेली की एकरी ६०,००० लिटरची जागाच गेली, १०,००० लिटरचे सहा टँकर, आणि तेही एकदाच नाही, दर वेळी जमीन पूर्ण भिजेल तेव्हा तेवढं कमी.

माती जाते कशी तेही भारी आहे. आपण समजतो की वाहतं पाणी माती नेतं, पण सुरुवात थेंबापासून होते. वळवाचा टपोरा ५ मिमीचा थेंब सेकंदाला ९ मीटरच्या आसपास वेगाने येतो, म्हणजे ताशी ३० किमीच्या वर, आणि उघड्या ढेकळावर आपटला की मातीचे कण दोन-दोन फूट वर उडतात. त्यातले बारीक कण जमिनीच्या छिद्रांत जाऊन बसतात आणि वर पापुद्रा धरतो. आता पुढचा पाऊस मुरणार कुठून, तो पळणारच. आणि पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याची ताकद चौपट होते, माती वाहून न्यायची क्षमता तर त्याहूनही कितीतरी जास्त वाढते. १९८३ मध्ये ध्रुव नारायण आणि राम बाबू यांनी देशाचा हिशोब काढला होता, हेक्टरी वर्षाला सरासरी १६.४ टन माती जागची हलते. शेतावर पसरली तर जेमतेम सव्वा मिलिमीटरचा थर. डोळ्याला दिसत नाही म्हणून तर कोणी ओरडत नाही.

म्हणून सगळ्या स्वस्त उपायांचं काम एकच, पाण्याला पळायला लांब सरळ रस्ता मिळू द्यायचा नाही. सगळ्यात स्वस्त म्हणजे फुकटातला उपाय, नांगरट आणि पेरणी उताराला आडवी. प्रत्येक तास, म्हणजे नांगराने पडलेली सरी, एक छोटा बांध होतो. आता हे सगळ्यांना माहीत असून होत का नाही, तर वाटण्या. भावाभावांत जमीन वाटताना प्रत्येकाला थोडी वरची बरड आणि थोडी खालची चांगली मिळावी म्हणून पट्टे उताराच्या दिशेने उभे पाडतात, मग ट्रॅक्टरवाला लांब बाजूने तास धरतो कारण त्याला वळणं कमी पडतात, डिझेल त्याचं वाचतं आणि माती आपली जाते. वर पुन्हा बांध कोरायची सवय आहेच, दरवर्षी वीतभर.

बांध घालायचा तर समपातळी रेषा, म्हणजे उतारावरची एकाच उंचीची रेष, लागते आणि ती नजरेने काढता येत नाही, नजर हमखास फसवते. त्यासाठी ए फ्रेम बनवा, खर्च जवळपास शून्य. सहा-साडेसहा फुटांच्या दोन बांबूंची टोकं वर एकत्र बांधायची, मध्ये आडवी काठी, वरून सुतळीला दगड लटकवायचा, झाला ओळंबा. आता हे दोन पाय जमिनीवर कुठेही टेकवा, दोन्ही पायांजवळ खुंट्या ठोका, सुतळी आडव्या काठीला जिथे लागते तिथे पेनने खूण करा. मग फ्रेम फिरवून पायांची अदलाबदल करा, त्याच दोन खुंट्यांवर, आणि दुसरी खूण करा. दोन्ही खुणांच्या बरोबर मधली खूण म्हणजे लेव्हल. बांबू वाकडे असले, एक पाय इंचभर तोकडा असला तरी फरक पडत नाही कारण अदलाबदलीत ती चूक दोन्ही बाजूंना सारखी पडून मधोमध कटते. मला हा भाग फार आवडतो, वाकड्या काठ्यांमधून बरोबर माप. पुढे एक पाय जागेवर ठेवून दुसरा वर-खाली सरकवायचा, सुतळी मधल्या खुणेवर आली की खुंटी, असं शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग खुंट्यांवरून चुन्याची फक्की मारायची. वारा असेल तर सुतळी हलते, सकाळी लवकर करा. गवंड्याची पाण्याची नळी असेल तर तीही चालते.

दोन बांधांत अंतर किती, तर ३ टक्के उताराला, म्हणजे १०० मीटरला ३ मीटर उतरणाऱ्या जमिनीत, साधारण ३० मीटर, ६ टक्क्याला २० मीटरच्या आसपास. चर खणला तर त्याची माती खालच्या अंगाला टाका आणि चर आणि बांध यांच्यात फूटभर पट्टी सोडा, नाहीतर पहिल्याच पावसात माती परत चरात. आणि सांडवा! बांध फुटतात ते बहुतेक सांडवा नसल्यामुळे. बांधाच्या माथ्यापेक्षा फूटभर खाली, दगड नीट रचून, जादा पाणी सावकाश निघायची जागा ठेवायचीच.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, हे समपातळी बांध मुरमाड, हलक्या-मध्यम जमिनीत आणि कमी पावसाच्या भागात चालतात. खोल काळ्या जमिनीत पाणी मुरतच नाही लवकर, बांधामागे तुंबून पीक पिवळं पडतं, उन्हाळ्यात बांधालाच भेगा पडतात आणि तिथूनच तो फुटतो. तिथे किंचित ढाळ दिलेल्या सऱ्या बऱ्या. पेठ-त्र्यंबकच्या जास्त पावसातही तसंच, पाणी पूर्ण अडवायचं नाही, हळूहळू बाहेर काढायचं. सरकारी योजनेत मात्र सगळीकडे एकच नकाशा चिकटवायची हौस दिसते.

शेतात दगड खूप असतील तर ते ओझं समजू नका, वेचून ओघळींत आडवे रचा, मोठे खाली, पाया वीतभर खोदून. पाणी झिरपत पुढे जातं, गाळ मागे राहतो, दोन-तीन वर्षांत तिथे मातीची पायरी तयार होते. मातीच्या बांधावर मारवेल गवत लावा, वैरणही होते, किंवा वाळ्याचे ठोंब, त्याची मुळं सरळ खाली दोन-तीन मीटर जातात, पिकाच्या वाट्याला येत नाहीत आणि जून झाल्यावर गुरं त्याला तोंड लावत नाहीत. बाजरीत मटकी किंवा हुलगा घेतला की जमीन झाकली जाते, थेंब पानावर फुटतो. उघडीप पडली की कोळपणी, म्हणजे कोळप्याने ओळींमधली माती हलवायची, वरचा भुसभुशीत थर खालची ओल उडू देत नाही.

कामं मे महिन्यात आणि माथ्यापासून सुरू करा, खालून केलीत तर वरचं पाणी येऊन सगळं धुऊन नेतं. शेजाऱ्याचा गट वर असेल तर त्याला सोबत घ्या, भांडण असलं तरी, कारण समपातळी रेषा सातबारा बघत नाही. आणि पहिला मोठा पाऊस झाला की फावडं घेऊन बांधावरून एक फेरी मारा, उंदीर आणि खेकड्यांची बिळं तेव्हाच दिसतात, त्यात दगड-माती ठोकून भरा, कारण हाताएवढ्या बिळातून सुरू झालेली गळती रात्रीतून सगळा बांध घेऊन जाते.