चेटूक नाकारणारा कायदा आणि त्याच्या सावलीत गेलेले जीव

कुणावर करणी केल्याचा आळ घेतला तर गुन्हा. करणी कुणी केली ते सांग म्हणून जाणत्याकडे गेले तरी गुन्हा. आणि ज्याच्यावर आळ आला त्याचा त्यापायी जीव गेला, तर आळ घेणाऱ्याला वीस वर्षांपर्यंत कैद. दक्षिण आफ्रिकेने १९५७ साली केलेल्या चेटूकविरोधी कायद्यात ही कलमे आहेत. निरपराधांना वाचवण्यासाठी याहून कडक काय हवे, असे ती वाचताना वाटते. पण हाच कायदा लागू असताना, १९८५ ते १९९५ या काळात, देशाच्या उत्तरेकडच्या एकाच प्रांतात, म्हणजे आजच्या लिम्पोपोमध्ये, चेटकी ठरवून तीनशेहून अधिक माणसे मारली गेली. त्यांत म्हाताऱ्या बायका फार होत्या. हे कसे झाले ते कळायला त्या कायद्याच्या मागे शंभर-सव्वाशे वर्षे जावे लागते.

आधी माणसे कोण ते पाहू. झुलू आणि खोसा समाजांत आजार, अपघात, वांझपण, गुरांची मर यांचा अर्थ लावणारी माणसे एका प्रकारची नसतात. इन्यांगा हा झाडपाल्याचा जाणकार, आपल्या वैदूच्या जवळचा. सांगोमा ही पूर्वजांच्या वतीने बोलणारी, आणि सांगोमांमध्ये बायका मोठ्या संख्येने असतात. कुणी आपल्या मर्जीने सांगोमा होत नाही. आधी न हटणारे दुखणे येते, स्वप्ने पडू लागतात, आणि हे पूर्वजांचे बोलावणे आहे असे ठरले की जुन्या गुरूच्या घरी राहून दीक्षा घ्यावी लागते. या दीक्षेला उकुथ्वासा म्हणतात. अंगाला पांढरी माती, ढोलाच्या तालावर नाच, मुळ्यांची ओळख आणि शेवटी हाडे टाकून कौल वाचणे, असा तो अभ्यास असतो. चटईवर टाकलेल्या हाडांत शिंपले आणि फासेही असतात, आणि कोणते कशाशेजारी पडले त्यावरून पूर्वजांचे म्हणणे वाचले जाते.

उम्थाकाथी मात्र या सगळ्यांच्या विरुद्ध टोकाला. तो रात्री, लपून, मत्सरापोटी काम करतो. औषधाला मुटी म्हणतात तसे त्याच्या विषालाही म्हणतात, पण त्याचा धंदा जीव घेण्याचा. तो कुणी परका नसतो. शेजारीण, सवत, चुलता, म्हणजे ज्याला घरातली सुखदुःखे ठाऊक आहेत असाच माणूस. विजेने माणूस मरतो हे लिम्पोपोतल्या शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. त्याचा प्रश्न असतो, चाळीस झोपड्या सोडून वीज माझ्याच झोपडीवर का पडली? त्याचे उत्तर त्याला हवामानखाते देत नाही.

सांगोमा आणि इन्यांगा या उम्थाकाथीचे शत्रू. त्या समाजाच्या दृष्टीने ही दोन टोके आहेत, आणि हे लक्षात ठेवले नाही तर पुढचे काहीच नीट कळत नाही.

जुन्या राज्यांत करणीचा आळ हा राजाच्या दरबारचा विषय होता. मृत्यू झाला, संशय आला, तर लोक जमत, जाणता बोलावला जाई आणि तो गुन्हेगाराला ‘हुंगून’ काढी. पण शिक्षा ठोठावायचा अधिकार सरदाराचा किंवा राजाचा. शिक्षा म्हणजे पुष्कळदा गुरे जप्त करून हाकलून देणे, कधी देहदंड. या पद्धतीला सोनेरी मुलामा देण्याचे कारण नाही. भरपूर गुरे असलेल्या माणसावर आळ आला की जप्तीचा फायदा सरदाराला होई, आणि या मोहाने कितीतरी घरे बुडाली असतील. तरीही एक गोष्ट होती: आळ घ्यायला जागा ठरलेली होती, आणि निवाडा करणारा कोण ते सर्वांना माहीत होते.

इंग्रज आले ते आपला अनुभव घेऊन. त्यांच्या देशातही चेटकिणींना फासावर चढवले जाई. १७३५ साली त्यांच्या पार्लमेंटने कायदा बदलला. चेटूक असे काही नसतेच, म्हणून चेटकाबद्दल खटला नाही. उलट चेटूक येते असे भासवणारा लबाड, त्याला कैद. इंग्लंडमध्ये तोवर सुशिक्षितांचा विश्वास उडालेला होता, त्यामुळे कायदा समाजाच्या मागून चालला. आफ्रिकेत तोच विचार पुढून लादला गेला. माझ्या मते सगळ्या गोंधळाचे मूळ इथे आहे.

दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व केप भागात हे पहिल्यांदा घडले. १८४७ च्या अखेरीस इंग्रजांच्या केप वसाहतीचा गव्हर्नर हॅरी स्मिथ याने खोसांचा प्रदेश ताब्यात घेतला आणि पुढच्या महिन्याभरात सरदारांना जमवून नवे नियम ऐकवले. चेटकाचे आळ बंद, लग्नात मुलीकडच्यांना गुरे देणेही बंद. सरदाराच्या हातून दंडाचे उत्पन्न गेले आणि निवाड्याचा मानही गेला. करणीची भीती मात्र गेली नाही. १८५० च्या दुष्काळात ती वाढली, तेव्हा म्लान्जेनी नावाचा एक अशक्त, तरुण द्रष्टा पुढे आला. त्याने आपल्या वस्तीवर दोन खांब उभे केले. त्यांच्यामधून चालत जायचे. निर्मळ माणूस पार होई, करणी करणारा तिथेच थिजे, आणि त्याचे विष काढून त्याला सोडून देत. सरकारने सरदाराकडून काढून घेतलेले काम लोकांनी असे दुसऱ्याच्या हाती दिले. त्याच वर्षी डिसेंबरात जे युद्ध पेटले ते १८५३ पर्यंत चालले, आणि त्यात म्लान्जेनीचा शब्द लढवय्यांचे कवच होता.

युद्ध संपते न संपते तोच नवे संकट. १८५३ मध्ये हॉलंडहून मोसेल बे बंदरात उतरलेल्या बैलांबरोबर गुरांच्या फुप्फुसाचा रोग आला आणि दोन वर्षांत तो खोसांच्या गोठ्यांत पोचला. गुरे म्हणजे दूध, कातडे, लग्न, पूर्वजांचा बळी, सगळेच. एप्रिल १८५६ मध्ये घारा नदीकाठी नोंगकावुसे नावाच्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला अनोळखी माणसे दिसली. त्यांचा निरोप तिच्या काकाने, म्लाकाझाने, राजा सारिलीपर्यंत नेला: ही गुरे करणीने विटाळलेल्या हातांनी पाळली आहेत, ती सगळी मारा, धान्य फेका, चेटूक सोडा, मग पूर्वज निरोगी कळप घेऊन उठतील. सुमारे चार लाख गुरे मारली गेली आणि चाळीस हजारांच्या आसपास माणसे भुकेने मेली, असा अंदाज आहे. वाचलेल्यांना गव्हर्नर जॉर्ज ग्रेच्या सरकारने वसाहतीतल्या गोऱ्यांच्या शेतांवर मजुरीला पाठवले आणि रिकाम्या झालेल्या जमिनी वाटून टाकल्या. या घटनेला वेडाचार म्हणून बाजूला सारणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. कळप डोळ्यांदेखत कुजत असताना, हरलेल्या आणि निवाड्याची कुठलीच जागा न उरलेल्या समाजाने विष धुऊन काढण्याचा केलेला तो शेवटचा सामुदायिक प्रयत्न होता.

यानंतर आजच्या दक्षिण आफ्रिकेतल्या वेगवेगळ्या प्रदेशांत कायदे लेखी झाले. १८८६ मध्ये ट्रान्सकेईची दंडसंहिता, १८९१ मध्ये नाताळ वसाहतीचा कायदा, १९०४ मध्ये ट्रान्सवालचा अध्यादेश. शब्द थोडे निराळे, धोरण एक. १९५७ मध्ये हे तुकडे एकत्र शिवून देशभराचा कायदा झाला. गंमत नाही, दुःख वाटते ते याचे की १७३५ चा मूळ कायदा खुद्द ब्रिटनने १९५१ साली रद्द करून टाकला होता. नव्या कायद्याने आळ घेणारा तर गुन्हेगार ठरवलाच, पण पैसे घेऊन भविष्य सांगणारा, हरवलेली वस्तू शोधून देणारा, मंत्र-ताईत देणारा हेही त्याच जाळ्यात ओढले. म्हणजे उम्थाकाथीपासून रक्षण करणारी सांगोमा आरोपी झाली. आणि उम्थाकाथी? तो तर कायद्याच्या लेखी अस्तित्वातच नव्हता. खेड्यातल्या माणसाने याचा सरळ अर्थ लावला: सरकार चेटकिणींच्या बाजूचे आहे.

न्यायालयांची अडचण १९३३ च्या म्बोम्बेला खटल्यात दिसते. खेड्यातल्या एका तरुणाला मुलांनी बोलावून आणले. अंधाऱ्या झोपडीत दोन लहान पाय दिसत होते. तो तिकोलोशे, म्हणजे दृष्टी पडली तरी अनर्थ करणारा बुटका भूत, अशी त्याची खात्री झाली. कुऱ्हाड मारून ओढून बाहेर काढले तर तो त्याचा लहान पुतण्या. खालच्या न्यायालयाने त्याला खुनी ठरवले. वरच्या न्यायालयाने ते बदलून सदोष मनुष्यवध केले आणि शिक्षा एक वर्ष. समज प्रामाणिक होती म्हणून खून नाही, पण शहाण्या माणसाला शोभणारी नव्हती म्हणून सुटकाही नाही. हा ‘शहाणा माणूस’ कोणत्या गावचा, हे निकालात नाही. त्याच्या वंशाचा, श्रद्धेचा विचार करायचा नाही असे न्यायालयाने स्पष्टच ठरवले.

१९८० च्या दशकात जे पेटले त्यात वर्णभेदाच्या राजवटीचा मोठा वाटा आहे. लेबोवा, वेंडा, गाझान्कुलू अशा, काळ्यांसाठी आखून दिलेल्या कोंडवाड्यांत लोकांना दाटीवाटीने वसवले होते. सरदार प्रिटोरियातल्या गोऱ्या सरकारचा पगार खाणारे, म्हणून तरुणांच्या लेखी त्यांचा शब्द संपलेला. पोलिसांकडे करणीची तक्रार नेली तर तक्रारदारच आत. एप्रिल १९८६ मध्ये लेबोवातल्या सेखुखुनेलँडमध्ये स्वातंत्र्याच्या चळवळीतल्याच पोरांनी तीसहून अधिक माणसांना चेटकी ठरवून जाळले. गावाची सुटका करायची तर गावातले विष आधी काढले पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. १९९० मध्ये मंडेला तुरुंगातून सुटल्यानंतर वेंडामध्ये पुन्हा लाट आली. घरोघर वर्गणी काढून जाणत्याकडे जात, तो नाव सांगे, आणि पेटवलेला टायर गळ्यात पडे. ज्या बायकांनी ही पोरे खेळवली होती, त्यांच्याच झोपड्या रात्री पेटल्या. ज्या वाचल्या त्यांना गाव सोडून, पोलिसांच्या आसऱ्याने वेगळ्या वस्त्यांत राहावे लागले. या बायकांची बाजू सांगणारे कागद फार थोडे आहेत, आणि जे आहेत ते वाचवत नाहीत.

नव्या लोकशाही सरकारने १९९५ मध्ये प्राध्यापक रालुशाई यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. पुढच्या वर्षी तिने अहवाल दिला. समितीने जुना कायदा मोडीत काढून नवा सुचवला, पण त्यात आळ घेणाऱ्याबरोबर, करणीचा वाजवी संशय येईल असे वागणाऱ्यालाही शिक्षा होती. हे वाचून मला धडकी भरते. वाजवी संशय म्हणजे नेमका तोच, ज्यावर गाव पेटत होते. कॅमेरूनमध्ये असा प्रयोग झालेला होता. तिथल्या दंडसंहितेचे कलम २५१ चेटकालाच गुन्हा मानते, आणि १९८० च्या सुमारापासून पूर्वेकडच्या न्यायालयांनी मांत्रिकाची साक्ष धरून लोकांना कैदेत धाडले.

सप्टेंबर १९९८ मध्ये आजच्या लिम्पोपोतल्या थोहोयांडूला स्त्री-पुरुष समता आयोगाने परिषद भरवली, तिथल्या जाहीरनाम्याने वेगळी वाट धरली. चेटूक आहे की नाही हा वाद बाजूला ठेवायचा, हिंसा थांबवायची, पीडितांचे पुनर्वसन करायचे. दरम्यान राज्यघटनेने धर्म आणि संस्कृतीचे स्वातंत्र्य दिले होते, आणि २००७ च्या पारंपरिक वैद्यकी कायद्याने सांगोमा आणि इन्यांगा यांना नोंदणीकृत व्यावसायिक मानले. तेव्हा एकीकडे परवाना आणि दुसरीकडे १९५७ चे कलम, अशी त्यांची अवस्था झाली. त्याच वर्षी म्पुमलांगा प्रांताने चेटूकविरोधी नव्या कायद्याचा एक मसुदा आणला. त्यावर पारंपरिक वैद्य चिडलेच, शिवाय स्वतःला अभिमानाने ‘विच’ म्हणवणारे निसर्गपूजक पेगन पंथीयही उठले. मसुदा गुंडाळावा लागला, पण त्यांच्या तक्रारींवरून राष्ट्रीय विधी सुधारणा आयोगाकडे १९५७ च्या कायद्याचा फेरविचार गेला.

आयोगाने २०१६ मध्ये चर्चेसाठी काढलेल्या मसुद्यात जुना कायदा रद्द करून श्रद्धेला हात न लावता तिच्यापायी होणारी इजा, आळ घेऊन केलेला छळ आणि मुटीसाठी, म्हणजे माणसाचे अवयव औषधात वापरण्यासाठी, होणारे खून यांवर बोट ठेवले. हे १९५७ पेक्षा पुष्कळ पुढचे पाऊल आहे, आणि ते मला मनापासून योग्य वाटते. पण आळ आल्या दिवशी, गर्दी जमण्याआधी, त्या म्हातारीने कुणाच्या दारात जायचे आणि गावाने कुणाचा शब्द ऐकायचा, ही सरदाराच्या दरबाराबरोबर गेलेली जागा कोण भरणार, याचे उत्तर दंडाच्या कलमांत मावत नाही.