गोव्यातल्या विद्यार्थ्याच्या हातात फोन आला कसा

पालकसभेत हल्ली एक तक्रार हमखास निघते: मूल सारखं मोबाईलवर असतं. तक्रार खोटी नाही. पण त्या सभेचं बोलावणंही वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच आलेलं असतं. वेळापत्रक तिथंच, गृहपाठ तिथंच. वाळपईची अकरावीतली मुलगी रात्री दहाला फोन उघडते, ती उद्या प्रॅक्टिकलला जर्नल न्यायचं आहे का हे बघायला. एकदा उघडलेला फोन मग लगेच खाली ठेवला जात नाही, हेही खरं. ही गुंतवळ मुलांनी एकट्यांनी केलेली नाही. सरकार, शाळा, बाजार आणि शेवटी महामारी यांनी गेल्या चाळीस वर्षांत अभ्यासाची एकेक गोष्ट पडद्यावर नेली आणि फारशी काही परत आणली नाही. व्यसन व्यसन म्हणून मुलांना बोल लावण्याआधी हे पाहायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात साधी होती. केंद्र सरकारने १९८४ मध्ये शाळांसाठी ‘क्लास’ हा संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला आणि त्यासाठी बीबीसी मायक्रो ही ब्रिटिश यंत्रं घेतली. पुढे बऱ्याच वर्षांनी गोव्यातल्या शाळांतही संगणक कक्ष आले. चपला बाहेर काढायच्या, पडदे ओढलेले, यंत्रावर कापडी आच्छादन, आठवड्याला एखादा तास आणि एका कळफलकावर दोन-तीन जणांचे हात. संगणक हा तेव्हा एक विषय होता. तास संपला की तो वर्गाबाहेर येत नसे.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. गोव्यात त्याला पर्यटनाचा हातभार लागला. कळंगुट-बागा पट्ट्यात परदेशी पाहुण्यांना घरी ईमेल पाठवायची असे, त्यामुळे किनाऱ्यावर सायबर कॅफे निघाले. मग म्हापसा, पणजी, मडगाव इथे विद्यार्थीही तासाचे पैसे मोजून प्रकल्पाची माहिती शोधू लागले, निकाल बघू लागले.

याच काळात दोन प्रयत्न झाले आणि दोन्हींची आठवण ठेवायला हवी. ‘गोवा स्कूल्स कॉम्प्युटर प्रोजेक्ट’ने परदेशस्थ गोमंतकीयांच्या मदतीने वापरलेले संगणक आणून शाळांना दिले आणि त्यांवर लिनक्स ही मोफत संगणक प्रणाली चालवली. पैसा कमी, पण विचार मोठा: यंत्र शाळेचं, सगळ्यांचं. दुसरा प्रयत्न मनोहर पर्रीकर सरकारच्या ‘सायबरएज’ योजनेचा. अकरावीच्या विद्यार्थ्याच्या घरी संगणक पोचवायचा, हा तिचा गाभा. त्याच नावाखाली नंतर पाचवी-सहावीच्या मुलांना टॅब्लेट वाटले गेले. हेतू चांगलाच होता. सांगे-सत्तरीतल्या कितीतरी घरांत पहिला संगणक आला तो असा. पण शिकण्याचं साधन शाळेच्या सामायिक खोलीतून घराच्या खासगी कोपऱ्यात गेलं आणि ते वापरायला शिकवणारं माणूस मात्र शाळेतच राहिलं. माझ्या मते आजच्या प्रश्नाची खरी मुळं इथे आहेत.

मोबाईलने उरलेलं अंतर मिटवलं. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओची सेवा सुरू झाली. गोव्यात त्या दिवशी चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी होती. सुरुवातीला डेटा फुकट होता. ज्या घरात नेटपॅक जपून वापरत होते, तिथे वर्षभरात दिवसाला जीबीचा हिशेब सुरू झाला.

तरीही २०२० च्या मार्चपर्यंत फोनशिवाय शिकणं शक्य होतं. मग शाळा बंद झाल्या. गोवा बोर्डाने दहावीची परीक्षा २१ मेपासून वर्गात, मास्क लावून, कागदावर घेतली. पण नवं वर्ष जूनमध्ये सुरू झालं ते फोनवर. घरात एकच स्मार्टफोन, तोही कामावर जाणाऱ्या बाबांचा. दोन भावंडं, दोघांचे तास एकाच वेळी. त्यात गोव्याचा पाऊस: वीज गेली की थोड्या वेळाने टॉवरही गप्प. नेत्रावळी अभयारण्याच्या परिसरातल्या कुमारी, पात्रे या गावांची मुलं रेंजसाठी जंगलातून डोंगर चढून जायची आणि तिथे बसून तास करायची. सापांची भीती होती, जळवा होत्या. सरकारने त्याच वर्षी दूरसंचार पायाभूत सुविधांचं धोरण आणलं. दुसरीकडे काही गावांत टॉवरला विरोधही सुरू होता. दहावी-बारावीचे वर्ग नोव्हेंबर २०२० मध्ये उघडले. लहानांना बराच काळ थांबावं लागलं.

शाळा भरल्या, पण ग्रुप राहिले. उच्च शिक्षण संचालनालयाने महामारीत ‘दिश्टावो’ हा उपक्रम सुरू केला होता. आपल्याच प्राध्यापकांची ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यानं विद्यार्थ्याला कधीही पाहता यावीत, ही त्यामागची कल्पना मला आजही मोलाची वाटते. प्रवेशाचे अर्ज ऑनलाइन, शिष्यवृत्ती ऑनलाइन, गुणपत्रिका डिजिलॉकरवर. अभियांत्रिकीसाठी द्यायची जेईई मेन तर संगणकावरच होते.

आणखी एक कारण खास गोव्याचं आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते. सरकारी प्राथमिक शाळा इथे बहुतांशी मराठी माध्यमाच्या. चौथीपर्यंत मराठीत शिकलेलं मूल पाचवीला बहुतेक वेळा इंग्रजी माध्यमात जातं. २०११ मध्ये इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान देण्याचा निर्णय झाला तेव्हा माध्यमाचा वाद राज्यभर पेटला. पण मराठीतून इंग्रजीत उडी मारणाऱ्या मुलाचा हात कोण धरणार, हा प्रश्न त्या गदारोळात मागेच पडला. डिचोली-पेडण्यातल्या ज्या घरात आई-वडिलांना इंग्रजी विज्ञानाचं पुस्तक समजावून सांगता येत नाही आणि शिकवणी परवडत नाही, तिथे हे काम आज फोन करतो. मुलगा परिच्छेदाचा फोटो काढतो, भाषांतर वाचतो, मग तोच धडा मराठीत किंवा हिंदीत सांगणारा व्हिडिओ शोधतो. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून तो मराठीत प्रश्न टाकून उत्तरही मराठीत मागतो. उत्तर कधी चुकीचं असतं आणि ते चुकीचं आहे हे सांगणारं घरात कोणी नसतं. अशा घरातून फोन काढून घ्यायचा तर संध्याकाळी सात वाजता त्या मुलाजवळ बसणारं माणूस आधी मिळायला हवं, आणि ती सोय गावोगावच्या शाळांत अजून झालेली नाही.